आचार्य, आचारी आणि एक बिट

'कथा' हा शब्द शून्य आणि एक या दोनच अंकांत हाताने लिहून काढायचा असे ठरवून मी एकदा चौकटीची वही आणि पेन्सिल घेऊन बसलो. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात 'क'समोर ०९१५ आणि 'थ'समोर ०९२५ असे आकडे छापलेले होते. मी ९१५ला दोनने भागत गेलो, बाक्या खालून वर वाचून मांडल्या, ९२५चेही तसेच केले आणि मग तिसऱ्या चिन्हाकडे, म्हणजे 'थ'ला जोडलेल्या कान्याकडे वळलो. तिथे ०९३ या तीन अंकांनंतर चौथ्या जागी अंक नव्हताच, रोमन लिपीतला 'ई' होता. अक्षराला दोनने भागायचे कसे? तेव्हा कुठे उमगले की तक्त्यातले आकडे दशमान नसून षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायाचे आहेत, आणि माझा एकही भागाकार चुकलेला नसताना उत्तर मात्र साफ चुकलेले आहे. नंतर कुतूहल म्हणून शोधले, तर ९१५ या दशमान क्रमांकावर ग्रीक लिपीतला मोठा 'गॅमा' आणि ९२५वर मोठा 'न्यू' निघाला. मराठी कथा लिहिता लिहिता मी इमानेइतबारे ग्रीक अक्षरे गिरवत होतो.

ही फजिती मला पुढे फार उपयोगी पडली. गणित बरोबर आणि उत्तर चूक, असे कसे होऊ शकते याचा विचार करताना लक्षात आले की मजकुराचे द्विमान, म्हणजे शून्य-एकांतले, रूप करणे हे एक काम नाही, ती दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम म्हणजे अक्षराला क्रमांक देणे. हा निव्वळ संकेत आहे. माणसांनी बसून ठरवलेला, तक्त्यात नोंदवलेला आणि पाठ करण्याखेरीज किंवा पाहण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही मार्गाने न कळणारा. दुसरे काम म्हणजे तो क्रमांक दोनच्या पायावर लिहिणे. हे निव्वळ अंकगणित आहे आणि त्यात कोणाच्या मर्जीला वाव नाही. 'क' या अक्षराच्या उच्चारात किंवा आकारात शून्य-एक कुठेही दडलेले नसतात. "माझे नाव बायनरीत कसे लिहायचे?" असे विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त दुसरे काम शिकवले जाते आणि पहिल्याचा तक्ता हातात ठेवून दिला जातो. माझ्या मते सगळी गंमत त्या तक्त्यातच आहे.

अंकगणित आधी उरकतो. दशमान पद्धतीत उजवीकडून डावीकडे सरकताना स्थानिक किंमत दहापट होत जाते, द्विमान पद्धतीत ती दुप्पट होत जाते: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. समजा ११७ ही संख्या लिहायची आहे. तिच्यातून ६४ जातात, उरतात ५३. त्यातून ३२ जातात, उरतात २१. त्यातून १६ जातात, उरतात ५. त्यातून ८ जात नाहीत, ४ जातात, उरतो १. त्यातून २ जात नाहीत, १ जातो. जिथे वजाबाकी झाली तिथे एक आणि जिथे झाली नाही तिथे शून्य मांडले की १११०१०१ मिळते. दुसरी रीत दोनने भागत जाण्याची आणि बाक्या उलट वाचण्याची. लहान संख्येला मी वजाबाकी वापरतो, कारण तिच्यात आकडे डावीकडून उजवीकडे, म्हणजे लिहिण्याच्याच क्रमाने मिळतात. हजारांच्या घरातल्या संख्येला भागाकार बरा, कारण त्यात २०४८ किंवा १०२४ यांसारख्या मोठ्या किमती लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

दोनच खुणांत भाषा मांडण्याची ही सवय मराठी वाचकाला तशी नवी नाही. ज्याने कधी कवितेच्या ओळीचे गण पाडले आहेत, त्याने लघु आणि गुरू या दोन खुणांपलीकडे तिसरी खूण वापरलेली नसते. तीन-तीन खुणांचे गट पाडले की बरोबर आठच गण का होतात, सात किंवा नऊ का नाहीत, याचे उत्तर दोनचा तिसरा घात आठ होतो एवढेच आहे. 'यमाताराजभानसलगा' हे दहा अक्षरांचे सूत्र तर द्विमान दृष्टीने पाहिल्यावर मला नव्याने आवडू लागले, कारण त्यातली कोणतीही सलग तीन अक्षरे घेतली तरी एक गण मिळतो आणि आठही गण एकेकदाच येतात. लघूला शून्य आणि गुरूला एक म्हटले, तर 'य' गण ०११, 'म' गण १११ आणि 'न' गण ००० होतो. तीन बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या तीन घरांच्या, आठही रचना दहा खुणांत एवढ्या आटोपशीरपणे बसवलेल्या आहेत.

प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या छंदःशास्त्रात 'नष्ट' नावाची जी रीत आहे, ती तर जवळपास आपल्या भागाकाराचीच आहे. प्रस्तारातली, म्हणजे सर्व लघु-गुरू रचनांच्या यादीतली, एखादी ओळ हरवली आणि तिचा फक्त क्रमांक ठाऊक असला, तर ती पुन्हा कशी मिळवायची, हा तिथला प्रश्न आहे. क्रमांक सम असेल तर लघु लिहून त्याचे निम्मे करायचे. विषम असेल तर गुरू लिहून, त्यात एक मिळवून मग निम्मे करायचे. तीन अक्षरांच्या प्रस्तारातली सहावी ओळ हवी असेल, तर ६ सम म्हणून लघु, राहिले ३. ३ विषम म्हणून गुरू, एक मिळवून निम्मे केल्यावर २. २ सम म्हणून पुन्हा लघु. लघु-गुरू-लघु म्हणजे 'ज' गण, आणि म, य, र, स, त, ज, भ, न या पारंपरिक क्रमात 'ज' सहावाच येतो. विषम असताना एक मिळवावा लागतो, कारण इथे मोजणी शून्यापासून न होता एकापासून होते. यावरून पिंगलाने संगणक शोधला असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याला अक्षरांचे क्रमांक करायचे नव्हते, वृत्तांची मोजदाद करायची होती. पण क्रमांकावरून दोन खुणांची रचना काढण्याची रीत तीच आहे, आणि ज्याला गण पाडता येतात त्याने द्विमान पद्धतीला बिचकण्याचे कारण नाही.

संकेत आणि अंकगणित ही दोन कामे वेगळी आहेत याचा पुरावा इतिहासातही मिळतो. इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी १६२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात एक गुप्तलेखन दिले आहे, ज्यात वर्णमालेतल्या २४ अक्षरांपैकी प्रत्येकाला दोनच चिन्हांचा, पाच जागांचा एकेक गट नेमून दिलेला आहे. पाच जागांत ३२ रचना होतात, तेव्हा २४ अक्षरे आरामात बसली. जर्मन गणिती गॉटफ्रीड लाइबनिट्झ यांचा द्विमान अंकगणितावरचा निबंध १७०३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शून्य आणि एक यांनी बेरीज-गुणाकार कसे करायचे ते आहे, मजकूर कसा लिहायचा ते नाही. बेकन यांच्याकडे तक्ता होता पण अंकगणित नव्हते, लाइबनिट्झ यांच्याकडे अंकगणित होते पण अक्षरांचा तक्ता नव्हता.

अक्षरांचे हाताने द्विमान रूपांतर करणे हा पुढे काही लोकांचा पोटापाण्याचा व्यवसायही झाला. फ्रान्समधले तारयंत्र अभियंते एमिल बोदो यांनी १८७४ साली ज्या तारपद्धतीचे पेटंट घेतले, तिच्यात प्रत्येक अक्षरासाठी पाच घटकांचा संकेत होता आणि तार पाठवणाऱ्यापुढे पाचच कळा असत, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. अक्षर डोळ्यांनी वाचायचे आणि त्याच्या संकेतातल्या कळा यंत्राच्या ठेक्यात एकदम दाबायच्या, असे ते काम होते. मी चौकटीच्या वहीत एका अक्षराला मिनिटभर लावतो, तेव्हा त्या कामगारांच्या बोटांबद्दल मला खरोखर आदर वाटतो. ३२ रचनांत अक्षरे आणि अंक दोन्ही मावत नसल्यामुळे तिथे एकच संकेत कधी अक्षर तर कधी अंक म्हणून वाचला जाई आणि आता कोणत्या अर्थाने वाचायचे हे सांगणारे वेगळे संकेत राखून ठेवावे लागत.

रोमन लिपीचा आजचा तक्ता, म्हणजे 'आस्की', अमेरिकेत १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक चिन्हाला सात बिट, म्हणजे एकूण १२८ जागा आहेत. पहिल्या आवृत्तीत फक्त मोठी अक्षरे होती, लहान अक्षरे १९६७च्या सुधारित आवृत्तीत आली. मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आणि लहान 'ए'चा ९७ आहे, हे अनेकांना पाठ असते. पण ६५ आणि ९७च का, हे हाताने लिहिल्याशिवाय सहसा कळत नाही. दोघांतले अंतर ३२ आहे, म्हणजे नेमक्या एका बिटाचे. आठ घरांच्या ओळीत मोठ्या अक्षराची सुरुवात ०१०ने आणि लहान अक्षराची ०११ने होते, आणि उरलेल्या पाच घरांत त्या अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक जसाच्या तसा बसलेला असतो. म्हणून तक्ता समोर नसला तरी अडत नाही. 'सूर्य' या अर्थाचा इंग्रजी शब्द लहान अक्षरांत लिहायचा झाला, तर 'एस' एकोणिसावा, 'यू' एकविसावा आणि 'एन' चौदावा एवढे बोटांवर मोजायचे आणि प्रत्येकाआधी ०११ लावायचे:

०१११००११ ०१११०१०१ ०११०१११०

यातला मधला गट म्हणजे वर वजाबाकीने काढलेले ११७च आहेत, फक्त आठ घरे भरण्यासाठी आधी एक शून्य लावलेले आहे. अंकांच्या बाबतीतही असाच विचार दिसतो. आस्कीतला शून्य हा अंक ४८व्या जागी असल्यामुळे कोणत्याही अंकाचे शेवटचे चार बिट म्हणजे त्या अंकाची स्वतःची किंमत असते. सर्वांत शेवटच्या, १२७व्या जागी, जिथे सातही बिट एक आहेत, तिथे खोडण्याचे चिन्ह आहे. कागदी पट्टीवर भोके पाडून मजकूर साठवला जाई त्या काळात पाडलेले भोक बुजवता येत नसे, पण चुकलेल्या अक्षरावर सगळीकडे भोके पाडून ते रद्द मात्र करता येई. मी वहीत चुकलेला गट सगळा काळा करतो, तेव्हा माझ्या हातून नकळत हाच संकेत पाळला जातो.

आठ घरे भरण्यासाठी लावलेले ते आधीचे शून्य नवशिक्याला बिनकामाचे वाटते. मलाही वाटले होते आणि मी ते एका ठिकाणी गाळले. गट सलग लिहिले असते तर तिथून पुढचे प्रत्येक अक्षर एका घराने सरकून वेगळेच वाचले गेले असते. मोर्सच्या संकेतात कोणत्या अक्षराला एक खूण, कोणाला चार, असे असते, त्यामुळे दोन अक्षरांमध्ये थांबावे लागते आणि तो थांबा ही तिथे तिसरी खूणच ठरते. खरोखर दोनच खुणांत भागवायचे असेल, तर सर्व गटांची लांबी सारखी ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि त्याची किंमत म्हणून ही पुढची शून्ये निमूटपणे लिहावी लागतात.

आता देवनागरीकडे येतो. 'शब्द' हाच शब्द घेऊ. डोळ्यांना त्यात दोन अक्षरे दिसतात, 'श' आणि 'ब्द'. युनिकोडच्या हिशेबी मात्र त्यात चार चिन्हे आहेत: श, ब, पाय मोडल्याची खूण आणि द. जोडाक्षराला तक्त्यात स्वतंत्र जागा नाही. आधीच्या व्यंजनाचा पाय मोडून पुढचे व्यंजन लिहायचे, एवढाच तिथला नियम आहे. त्यामुळे मूळाक्षरांत अनेकदा गणल्या जाणाऱ्या 'क्ष'ला तीन चिन्हे लागतात आणि 'स्त्री' या, दिसायला एकाच अक्षराच्या शब्दाला सहा.

'श'चा क्रमांक षोडशमानात ०९३६, म्हणजे दशमानात २३५८. दोनने बारा वेळा भागून बाक्या उलट वाचल्या की १००१००११०११० मिळतात. पण खरे तर एवढे भागाकार करण्याची गरजच नाही, आणि हे मला कळले तेव्हा 'कथा'ची फजिती वसूल झाली. सोळा हा दोनचा चौथा घात असल्यामुळे षोडशमानातला प्रत्येक अंक स्वतंत्रपणे चार बिटांत लिहिता येतो: ० म्हणजे ००००, ९ म्हणजे १००१, ३ म्हणजे ००११, ६ म्हणजे ०११०. ते एकापुढे एक ठेवले की काम संपले. तक्ता षोडशमानात छापलेला असतो तो वाचकाला छळण्यासाठी नव्हे. दहा ते पंधरा या किमतींसाठी रोमन 'ए' ते 'एफ' ही अक्षरे वापरलेली असतात, तेवढे लक्षात ठेवले की पुरते.

तरीही हे सोळा बिट असेच्या असे संगणकात साठवले जातात असे नाही. आजचा बहुतेक मजकूर यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिला जातो, जी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखली. आस्कीतली १२८ चिन्हे तिच्यात पूर्वीप्रमाणे एकाच बाइटात, म्हणजे आठ बिटांच्या एका गटात, राहतात. देवनागरीच्या चिन्हाला तीन बाइट लागतात. पहिल्याची सुरुवात १११०ने, दुसऱ्याची आणि तिसऱ्याची १०ने होते, आणि मध्ये उरलेल्या चार, सहा आणि सहा अशा सोळा घरांत आपले सोळा बिट ओळीने भरायचे. मी वहीत आधी ठरलेले बिट शाईने आणि भरायचे बिट पेन्सिलीने लिहितो. 'शब्द' असा दिसतो:

श १११००००० १०१००१०० १०११०११०
ब १११००००० १०१००१०० १०१०११००
पाय मोडणे १११००००० १०१००१०१ १०००११०१
द १११००००० १०१००१०० १०१००११०

या चार ओळी लिहून झाल्यावर जे डोळ्यांत भरते, ते नुसती व्याख्या वाचून भरत नाही. पहिला बाइट चारही ओळींत एकच आहे. दुसरा फक्त एका ठिकाणी, शेवटच्या बिटापुरता, वेगळा आहे. देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ ते २४३१ या १२८ क्रमांकांचा आहे, म्हणजे आस्कीएवढाच, आणि सात बिटांत मावणारा. दर चिन्हामागे २४ बिट लिहायचे आणि त्यातले खरे बोलणारे सातच, हे हाताने लिहिणाऱ्याला चांगलेच जाणवते. बोटे दुखू लागतात. मोबाइलवरच्या लघुसंदेशातही हा भेद भेटतो, जरी तिथली पद्धत वेगळी असली तरी. एका संदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन चिन्हाला सात बिट धरले तर १६० चिन्हे होतात आणि देवनागरी चिन्हाला सोळा धरले तर ७०. यात अन्याय शोधणाऱ्यांचे मला पुरते पटत नाही, कारण जुन्या मजकुराला धक्का न लावता जगातल्या सगळ्या लिपी एका पद्धतीत आणायच्या तर कोणाला तरी लांब गट घ्यावेच लागणार होते. पण तो लांब गट आपल्या वाट्याला आला आहे, हेही खरे आहे.

देवनागरीचा तक्ता भारतीय मानक असलेल्या 'इस्की'च्या मांडणीवरून घेतला गेला, आणि हाताने काम करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्यात काही सोयी आहेत, काही गैरसोयी. 'आ'पासून 'औ'पर्यंत नेहमीच्या वापरातल्या कोणत्याही स्वराच्या क्रमांकात ५६ मिळवले की त्याचीच मात्रा मिळते: 'आ' २३१०, काना २३६६, 'ओ' २३२३, त्याची मात्रा २३७९. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, बाराखडी उतरवून काढताना सापडली, आणि त्या दिवशी मी फार खुशीत होतो. मराठीत वापरला जाणारा 'ॲ' तेवढा या नियमाबाहेर आहे, कारण तो तक्त्यात बराच नंतर, २००८ साली, शेवटच्या जागांपैकी एकीवर आला. व्यंजनांत मात्र अशी शिस्त बिटांच्या पातळीवर सापडत नाही. वर्णमालेची रचना पाच-पाचांच्या वर्गांची, आणि पाच ही संख्या दोनच्या घातांत कुठेच बसत नाही. रोमन लिपीत मोठे अक्षर लहान करायला एक बिट बदलतो, तसे अल्पप्राणाचे महाप्राण करणारे एखादे ठरलेले घर देवनागरीत नाही. 'क'चा 'ख' करताना दोन बिट बदलतात आणि 'ग'चा 'घ' करताना चार. देवनागरी अंकांचेही तेच. शून्य ०९६६वर असल्यामुळे शेवटच्या चार बिटांत अंकाची किंमत न दिसता त्यात सहा मिळवलेली दिसते. एवढी एक गोष्ट जमवून घेतली असती तर बरे झाले असते, असे मला दर वेळी वाटते.

लिहिण्याच्या क्रमाने मला आणखी एकदा फसवले. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी कागदावर 'क'च्या आधी काढली जाते, म्हणून मी तिचे बिट आधी लिहिले. संकेत उच्चाराच्या क्रमाने चालतो, हाताच्या क्रमाने नाही: आधी 'क', मग वेलांटी. 'अर्थ'मधला रफार 'थ'च्या डोक्यावर बसतो, पण ओळीत 'र' आणि त्याचा मोडलेला पाय हे 'थ'च्या आधी येतात. अक्षर म्हणजे डोळ्यांना दिसते ते, की तोंडाने उच्चारतो ते, की तक्त्यात जागा मिळालेले ते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शून्य-एक लिहिताना तो दर ओळीत पडतो.

चुका पकडण्यासाठी मी जुनीच युक्ती वापरतो. आस्कीचे सात बिट आठ घरांत पाठवले जात, तेव्हा रिकाम्या आठव्या घरात अनेकदा असा बिट घातला जाई की गटातल्या एकांची एकूण संख्या सम व्हावी. वाटेत एखादा बिट उलटला तर ती विषम होऊन चूक उघडकीस येई. यूटीएफ-८मध्ये असे रिकामे घर नसते, म्हणून मी समासात दर बाइटातले एक मोजून सम किंवा विषम अशी खूण करतो आणि उत्तर पुन्हा मोजून तपासतो. ही युक्ती यंत्राला जेवढी लागू पडते तेवढी माणसाला पडत नाही, कारण यंत्राचा एखादा बिट उलटतो, माणूस मात्र शेजारचे दोन बिट एकमेकांच्या जागी लिहितो. ०१ऐवजी १० लिहिले तर एकांची संख्या तीच राहते आणि समासातली खूण निर्धास्तपणे बरोबर ठरते. माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक चुका याच जातीच्या आहेत. त्यांवर एकच इलाज मला सापडला आहे: उलटे रूपांतर, आणि तेही दुसऱ्या दिवशी, मूळ शब्द विसरल्यावर.

असेच एकदा उलटे रूपांतर करताना एक ओळ मी दोनदा वाचली. मराठीत 'र'ला 'य' जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत, रफाराची आणि आडव्या अर्ध्या 'र'ची, आणि त्यांनी अर्थ बदलतो: 'आचार्यास' म्हणजे गुरूला, 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. तक्त्यात 'र' ०९३०वर आहे आणि शेजारी ०९३१वर नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला 'ऱ' आहे, जो मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार दाखवण्यासाठी आहे; त्याचाच पाय मोडला की मराठीचा आडवा अर्धा 'र' मिळतो. तो लिहिण्याच्या आणखीही रीती आहेत, 'र'ला वेगळा नुक्ता जोडण्याची आणि पाय मोडून पुढे न दिसणारे सांधणारे चिन्ह ठेवण्याची, पण मी वहीत ०९३१ वापरतो. या हिशेबाने दोन्ही शब्द आठ-आठ चिन्हांचे, २४ बाइटांचे, १९२ बिटांचे होतात, आणि त्यांतले १९१ बिट तंतोतंत सारखे असतात. वेगळा असतो तो फक्त ९६वा, म्हणजे 'र'च्या तिसऱ्या बाइटाचा शेवटचा. आचार्यांचा तो बाइट १०११००००, आचाऱ्याचा १०११०००१. मला आचार्य लिहायचे होते. ९६व्या घरात मी एक लिहिला होता. समासात मात्र 'विषम' अशी खूण होती. बाइटातले एक मोजले, ते चार भरले, आणि मी खोडरबर शोधू लागलो.